इन्सुलिनच्या आधी डॉक्टर काय करत?

प्रश्न : इन्सुलिन १९२२ पासून मिळू लागलं म्हणतात. त्याआधी मधुमेहाचे डॉक्टर उपचार तरी काय करत, आणि शिकत कुठे?

उत्तर : एलियट जोस्लिन या अमेरिकी मधुमेहतज्ज्ञाचं उदाहरण देतो, माझा आवडता माणूस. जन्म १८६९, मॅसॅच्युसेट्स. हार्वर्डला वैद्यकी शिकत असतानाच, १८९३ मध्ये, त्याने मेरी हिगिन्स या मधुमेही तरुणीची टिपणं ठेवायला घेतली. पुढे रुग्णांची खातेवहीच झाली. वाण्याच्या वहीसारखी, एकेकाचा हिशेब वर्षानुवर्षं. तिच्यात त्याची स्वतःची आईही आहे! पदवी १८९५ची. मग युरोपात स्ट्रासबुर्गला नाऊनिन या मधुमेहाच्या जाणकार प्राध्यापकांकडे जाऊन मधुमेहात शरीराची चयापचय क्रिया कशी बिघडते ते पाहिलं.

उपचार एकच : खाणं कमी. अॅलन या अमेरिकी डॉक्टरांची उपासमारीची पद्धत १९१४च्या सुमारास आली, तीही त्याने वापरली. क्रूर वाटते ना? पण मुलं त्यावर थोडी जास्त जगत, आणि दुसरं हातात काही नव्हतं. ऑगस्ट १९२२ मध्ये त्याने आपल्या रुग्णांपैकी पहिलं इन्सुलिन एलिझाबेथ मज या परिचारिकेला दिलं. ती १९४७ पर्यंत जगली.

मला मात्र त्याचं १९१८चं रुग्णांसाठीचं पुस्तक जास्त मोलाचं वाटतं. लघवी तपासायची कशी, जेवण मोजायचं कसं, हे रुग्णानेच शिकावं असा त्याचा हट्ट. आमच्यातल्या बऱ्याच डॉक्टरांना तेवढा वेळ आजही नसतो.