स्क्रम पद्धतीने सॉफ्टवेअर बनवताना दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरावीक मुदतीच्या फेरीत) काम उरलं, तर स्प्रिंट दोन-तीन दिवस वाढवावा का?

नाही, स्प्रिंट ठरलेल्या दिवशीच संपवा. उरलेली स्टोरी (कामाचा एक छोटा तुकडा) प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, परत जाते. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांच्या स्क्रम गाइडनुसार (2020 ची आवृत्ती) स्प्रिंटची लांबी ठरावीक असते, जास्तीत जास्त एक महिना, आणि एक संपला की लगेच दुसरा सुरू होतो. 'बुधवारपर्यंत होऊन जाईल' म्हणत मुदत एकदा सरकली, की टीम एका स्प्रिंटमध्ये किती काम उरकते याचा अंदाजच बांधता येत नाही. वर रिव्ह्यूला (स्प्रिंटअखेर झालेलं काम दाखवायच्या बैठकीला) बोलावलेल्या मंडळींच्या तारखा कोलमडतात ते वेगळंच.

अर्धवट स्टोरीचे अर्धे पॉइंटही (काम किती मोठं आहे याचा अंदाजी आकडा) धरू नका. 8 पॉइंटची स्टोरी आहे, कोड लिहून झालाय, टेस्टिंग बाकी आहे: या स्प्रिंटच्या खात्यात शून्य. (पॉइंट मोजणं ही स्क्रम गाइडची अट नाही, टीमनी लावून घेतलेली सवय आहे.) मॅनेजरला हे पटत नाही, पण '90 टक्के झालंय' ऐकून ग्राहकाच्या हातात काहीच पडत नसतं. आणि ती स्टोरी आपोआप पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलू नका. तोवर प्रॉडक्ट ओनरला (कोणतं काम आधी हे ठरवणाऱ्याला) दुसरंच काही जास्त निकडीचं वाटत असू शकतं.

मात्र लांबी जन्मभरासाठी बांधलेली नाही. दर वेळी काम उरत असेल, तर रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये (स्प्रिंट कसा गेला यावरच्या टीमच्या बैठकीत) बोलून पुढच्या स्प्रिंटपासून ती बदलता येते. त्याआधी स्टोऱ्या फार मोठ्या घेताय का ते बघा, बहुतेकदा गोम तिथेच असते.