वाचक विचारतात : हवेची होडी, गळ आणि हिडकलचं पाणी

प्रश्न : दोन माणसांची, हवा भरायची होडी घेतली आहे. सोबत प्लॅस्टिकची वल्ही आणि पंप आहे. हिडकल धरणावर गळ टाकायला सुरुवात करायची म्हणतो. आधी काय बघावं? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : आधी वारा. ही होडी वजनाला हलकी, पाण्यात जेमतेम बुडते आणि पाण्यावरचा सगळा फुगवटा वारा अंगावर घेतो. छोट्या प्लॅस्टिकच्या वल्ह्यांनी वाऱ्याच्या तोंडावर मारत यायचं म्हणजे हात भरून येतात आणि होडी जागची हलत नाही. म्हणून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, परतताना वारा पाठीशी राहील. पहाटे उतरा, नऊ-दहापर्यंत काठाला या. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारनंतर वळीव कधी गाठेल याचा भरवसा नाही. ढग चढू लागले की गळ गुंडाळायचा, अजून एक मासा म्हणून थांबायचं नाही. पावसाळ्यात तर होडी घरीच ठेवा. सांडवा आणि दरवाज्यांच्या जवळपास कोणत्याही ऋतूत फिरकू नका.

दोन माणसांची म्हणून विकलेली होडी सामानासकट एकाचीच समजा. लाइफ जॅकेट अंगात घालून पट्टे आवळलेलं हवं, बुडाखाली उशीसारखं ठेवलेलं नको. उभं राहून गळ फेकायचा नाही.

नांगर म्हणून टोकदार लोखंड नको. जाड पिशवीत दोन-तीन किलो वाळू भरून तोंड पक्कं बांधा. दोरी पाण्याच्या खोलीच्या निदान तिप्पट ठेवा, आखूड दोरीने पिशवी उचलली जाऊन होडी सरकत राहते. दोरी पुढच्या टोकाला बांधा. बाजूला बांधली तर लाट आडवी येते आणि होडी कलते.

मासेमारीचे हक्क ठेक्याने दिलेले असू शकतात, त्यामुळे परवानगीचं आधी मीनुगारिके इलाख्यात (मत्स्य खात्यात) विचारा. होडी उतरवायचं धरणाच्या कार्यालयात वेगळं विचारावं लागेल. राकसकोप जलाशय म्हणजे बेळगावच्या पिण्याचं पाणी, तिथे होडीचा विचारच नको. मच्छीमारांच्या जाळ्यांचे तरंगे दिसले तर लांबून वळसा घाला.

प्रश्न : सकाळी ताठ भरलेली होडी पाण्यात गेल्यावर मऊ पडते. भोक तर सापडत नाही. (एक वाचक, खानापूर)

उत्तर : बहुतेक वेळा भोक नसतंच. काठावर उन्हात भरलेली हवा गार पाण्यावर आकसते. पाण्यात दहा मिनिटं ठेवून पुन्हा थोडी हवा भरा. उलटा प्रकार जास्त धोक्याचा : पाव बार (बार म्हणजे दाबाचं माप) दाबाने भरलेली जाड पीव्हीसीची होडी काठावर तापून हवा वीस अंशांनी चढली, की दाब तिसऱ्या हिश्श्याने वाढून ०.३३ बारपर्यंत जातो. शिवण तिथेच उसवते. जेवायला काठाला आलात तर सावलीत ओढा आणि थोडी हवा सोडा. पातळ व्हिनाइलच्या होडीला पाव बारही जास्त होतो, तिच्यावर लिहिलेला आकडाच पाळा. टायरचा कॉम्प्रेसर अजिबात लावू नका.

दोन कप्पे असतील तर एक पूर्ण फुगवून मग दुसरा भरायचा नाही. आधी दोन्ही अर्धे, मग आळीपाळीने पूर्ण, नाहीतर मधला पडदा एका बाजूला ताणला जातो. तरीही हवा जातच असेल तर व्हॉल्वपासून सुरुवात करून साबणाचं पाणी फिरवा, बुडबुडे दिसतील. ठिगळ भोकाच्या चहूबाजूंनी पाच सेंटीमीटर मोठं, कोपरे गोल कापलेलं. सुकायला पूर्ण दिवस द्या. काठावर बाभळीचे काटे असतात, तेव्हा भरण्याआधी खाली ताडपत्री घाला.

प्रश्न : गळाला काय लावावं?

उत्तर : सुरुवात चिलापी (तिलापिया) माशाने करा. काठाजवळ, एक-दीड मीटर खोलीत, ०.२० मिलिमीटरचा तंगूस (गळाची नायलॉनची दोरी), आठ-दहा नंबरचा गळ, लहान तरंगा आणि गांडुळाचा तुकडा. मृगळ तळाशी चरतो, रोहू मधल्या थरात. त्यांना ०.३० चा तंगूस, सहा नंबरचा गळ आणि कणकेत मळलेली शेंगदाण्याची पेंड. पेंड बारीक चाळून घ्या, खडे राहिले तर गोळा फेकतानाच फुटतो. चिलापीच्या पाठीचे काटे आणि शिंगटीचा काटा होडीला भोक पाडतात, म्हणून मासा थेट झाकणाच्या बादलीत. मोकळे गळ बुचात टोचून ठेवा.