'कंपन' नव्हे, 'स्पंदन'. आणि खरे तर 'लवणे'

पृच्छा अशी आहे: पृथ्वीच्या चुंबकावरणातील (पृथ्वीभोवती तिच्या चुंबकीय क्षेत्राचा प्रभाव असलेल्या अवकाशातील) 'पल्सेशन'ला, म्हणजे त्या क्षेत्राच्या लयबद्ध चढउतारांना, 'भूचुंबकीय कंपने' म्हणावे की 'स्पंदने', आणि तेथील 'एनर्जेटिक', म्हणजे खूप ऊर्जा असलेल्या, कणांना काय म्हणावे?

'कंपने' मुळीच म्हणू नये. व्याख्यानांत हा शब्द वारंवार कानी पडतो आणि श्रोत्यांपैकी कोणीतरी हमखास भूकंपाविषयी विचारतो. पाणिनीय धातुपाठाने, म्हणजे संस्कृत धातूंच्या सार्थ यादीने, हा भेद केव्हाच करून ठेवला आहे: 'कपि चलने' (कंप म्हणजे हलणे), परंतु 'स्पदि किञ्चिच्चलने' (स्पंद म्हणजे किंचित हलणे). त्या 'किंचित्'मध्येच सारे आले. अलिबागच्या वेधशाळेत 1904 पासून पृथ्वीच्या ज्या चुंबकीय क्षेत्राची नोंद होत आली आहे ते 40,000 नॅनोटेस्लांहून (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) अधिक आहे. त्यातील स्पंदन बहुधा एखाद-दुसऱ्या नॅनोटेस्लाचे असते. हिवतापाने अंग कापते तो कंप, पापणी फडफडते तो स्पंद.

पापणीसाठी मात्र मराठीत याहून देखणे क्रियापद आहे. डोळा लवतो, वीज लवते, फळांच्या भाराने फांदी लवते. माझ्या मते या तिन्ही अर्थांचे मूळ 'नम्' धातूत आहे: नमति, प्राकृतात णवइ, आणि पुढे 'न'चा 'ल', जसे निंबाचे लिंब आणि नवनीताचे लोणी झाले. वाकणे आणि फडफडणे हे वेगळे शब्द योगायोगाने एकरूप झाले, असे सांगणाऱ्यांनी भौतिकशास्त्रज्ञ आल्फ्वेन यांनी 1942 साली मांडलेल्या चुंबकीय लाटांकडे पाहावे. या लाटांत चुंबकीय बलरेषा (क्षेत्राची दिशा दाखवणारी रेषा) ताणलेल्या तारेसारखी वाकते आणि ताणामुळेच परत येते. तिचे वाकणे हेच तिचे स्पंदन असते. परिभाषा संस्कृतातूनच घडवावी असा हट्ट धरणाऱ्यांना हे घरातले क्रियापद दिसत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. नाम हवे तेथे 'स्पंदन' ठेवावे, पण वाक्यात 'बलरेषा लवते' असे निःसंकोच लिहावे.

कणांना 'शक्तिशाली' म्हणणे चूक आहे, कारण भौतिकीत शक्ती म्हणजे ऊर्जा नव्हे. 'ऊर्जस्वी' हा शब्द नेमका आहे. 150 ते 600 सेकंदांच्या आवर्तनाने बलरेषा लवत असताना, पृथ्वीभोवती फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांची चाल त्या लाटेच्या चालीशी जुळली, तर झोक्याला वेळेवर मिळणाऱ्या रेट्याप्रमाणे त्यांची ऊर्जा वाढत जाते. बाह्य प्रारण पट्ट्यातील, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या कणांच्या पृथ्वीभोवतीच्या बाहेरच्या पट्ट्यातील, इलेक्ट्रॉन ऊर्जस्वी होतात ते काही अंशी या लवण्यामुळेच.