वाचक विचारतात : एका पानाचा खेळ

प्रश्न : सुट्टीत घरी 10 ते 14 वयाची पाच मुलं असतात. त्यांना पात्र घेऊन खेळायचा रोलप्लेइंग गेम शिकवायचा आहे, पण हाती आलेलं नियमपुस्तक 300 पानी आहे. सोपं काही सुचवाल? (एक पालक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : ते पुस्तक तूर्त माळ्यावर टाका. जॉन हार्पर यांचा 'लेझर्स अँड फीलिंग्ज' (2013) अख्खा एका पानात मावतो, आणि फुकट आहे. मूळ गोष्ट अंतराळयानातली. नियम कुठेही चालतात.

कागदावर पात्राचं नाव, त्याचं काम आणि 2 ते 5 मधला एक आकडा लिहायचा. आकडा मोठा तर डोक्याची, यंत्राची कामं जमतात. लहान तर बोलणं, अंदाज, धाडस. डोक्याच्या कामाला फासा आकड्याच्या खाली पडायला हवा, मनाच्या कामाला वर. नेमका तोच पडला तर काम होतंच, शिवाय सूत्रधाराला, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याला, एक प्रश्न विचारता येतो आणि त्याने खरं उत्तर द्यायचं. फासा एक, तयारी केली असेल तर दुसरा, पात्र त्या कामात मुरलेलं असेल तर तिसरा. एकही जमला नाही तर प्रकरण बिघडतं. एक जमला तर काम होतं, पण काहीतरी भोवतं. दोन म्हणजे चोख, तीन म्हणजे वर बक्षीस. लुडोचे तीन फासे आळीपाळीने पुरतात.

गोष्ट जवळचीच घ्या : हरिपूरचं हळदीचं पेव, म्हणजे जमिनीत खणलेलं साठवणीचं कोठार. बंद पेवात प्राणवायू कमी असतो, उघडल्या उघडल्या उतरणं जिवावर बेततं. (पेवात उतरणं खेळापुरतंच, धोका खरा आहे, असं मुलांना बजावून ठेवा.) समजा, 4 आकड्याची मुलगी कंदील आणि दोर घेऊन हवा तपासते. डोक्याचं काम, तयारी आहे, म्हणून दोन फासे. पडले 2 आणि 6. दोन जमला, सहा हुकला. कंदील विझतो, धोका वेळेत कळतो. पण दोर हातातून सुटून आत जातो. आता दोराशिवाय काय करायचं, इथून पुढचा डाव.

प्रश्न : आम्ही हाच खेळतो, पण तासाभरात डाव ढेपाळतो. निम्म्या वेळा फासा हुकतो आणि काहीच होत नाही. (एक विद्यार्थी, कराड)

उत्तर : 'काहीच होत नाही' हीच चूक. हुकला की परिस्थिती बदललीच पाहिजे. 'दार उघडलं नाही' म्हटलं की डाव तिथेच बसतो. 'उघडलं नाही, वर कुत्रं जागं झालं' म्हणा. आणि धोका नसेल तिथे फासा टाकूच नका.

हिशोबही बघा. आकडा 4, मनाचं काम, एक फासा : 4, 5, 6 चालतात, म्हणजे निम्म्या वेळा फासा हुकणारच. दोन फासे झाले की दोन्ही हुकतात ते चारांत एकदाच. म्हणून टाकण्याआधी 'तयारी काय केलीस?' विचारायची सवय लावा. मदत करणाऱ्याने कशी ते सांगून स्वतःचा फासा टाकायचा. जमला तर मित्राला एक फासा जादा.

प्रश्न : सूत्रधाराने संवाद आधी लिहून ठेवायचे का? (सातारा)

उत्तर : नको. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवर'मध्येही सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आयत्या वेळी बोलायची. संकट कोणाचं, त्याला काय हवंय, ते मिळालं तर काय होईल, एवढं लिहा. वहीचं अर्धं पान पुरतं.