ऑपरेशन बघताना चक्कर आली, आता कोर्स सोडू का?

ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियनच्या कोर्सला आलेल्या मुलामुलींकडून दरवर्षी मला एक प्रश्न येतोच. ‘मॅडम, ऑपरेशन सुरू झालं की डोळ्यांपुढं अंधारी येते. मी या लाइनला चालणार नाही ना?’ विचारणाऱ्याने मनात निकाल लावलेला असतो, माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. कितीतरी मुलं तर विचारायलाही येत नाहीत. पोस्टिंगला, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष ड्यूटीला, दांड्या पडू लागतात, घरी पाठदुखीचं कारण जातं आणि पुढच्या वर्षी हजेरीत नाव नसतं. यातली बरीच मुलं या कामाला उत्तम चालली असती, असं माझं ठाम मत आहे. म्हणून सायलीची हकिकत लिहिते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि लिहायला तिची परवानगी आहे.

सायली जत तालुक्यातली. बारावी सायन्स झाल्यावर तिने बीपीएमटीला (बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी) प्रवेश घेतला. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा हा पदवी कोर्स तीन वर्षांचा, वर एक वर्ष इंटर्नशिप. पहिलं वर्ष शरीररचना, जंतुशास्त्र असल्या विषयांत गेलं आणि तिला मार्क चांगले पडले. दुसऱ्या वर्षी ओटी पोस्टिंग लागली. पहिल्याच आठवड्यात एका सीझरच्या वेळी ती भिंतीला टेकून उभी होती. सक्शनचा, म्हणजे जखमेतलं रक्त-पाणी ओढून घेणाऱ्या यंत्राचा, आवाज सुरू झाला, बाटलीत रक्तमिश्रित पाणी चढताना दिसलं आणि ती खाली बसली. त्या दिवशी सगळ्यांनी ‘पहिल्यांदा होतं गं’ म्हणून सोडून दिलं. महिनाभराने हर्नियाच्या ऑपरेशनला ती स्क्रब होऊन, म्हणजे हात धुऊन निर्जंतुक गाऊन-ग्लोव्ह घालून, सिस्टरांच्या मदतीला उभी राहिली. कॉटरी (विजेवर कापणारं, रक्त थांबवणारं उपकरण) लागून मांस जळल्याचा वास आला आणि ती पुन्हा कोसळली. यावेळी कोणी समजुतीचं बोललं नाही. सर्जन ओरडले, शिवाय निर्जंतुक हत्यारं मांडलेली ट्रॉली बदलावी लागली.

माझ्याकडे आली तेव्हा कोर्स सोडण्याचा अर्ज तिच्या बॅगेत लिहून तयार होता. बोलताना तिचा सगळा भर एकाच गोष्टीवर होता. ‘माझ्यामुळं अख्खा सेट वाया गेला. पेशंट टेबलावर तसाच थांबला.’

ट्रॉली का बदलावी लागली, हे मी नीट विचारून घेतलं. गाऊन समोरून, छातीपासून कमरेपर्यंत आणि बाह्यांवर निर्जंतुक धरतात. पाठ कधीच निर्जंतुक धरत नाहीत. चक्कर आली तेव्हा सायली वळली आणि तिची पाठ मांडलेल्या ट्रॉलीच्या कडेला घासली. हे कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. शेजारच्या खोलीत पाय वर करून निजवल्यावर तिला शुद्ध आली आणि पहिलं वाक्य ती बोलली, ‘सिस्टर, माझी पाठ ट्रॉलीला लागलीय.’ त्या पेशंटला पोटाच्या भिंतीला आधार म्हणून आतून जाळी बसवायची होती. जाळीला जंतुसंसर्ग झाला तर ती पुन्हा पोट उघडून काढायची वेळ येऊ शकते. नवीन सेट उघडला, सगळं परत मांडलं, त्यात वेळ गेला आणि ओरडा बसला.

तिच्या परवानगीने मी ओटीच्या इन्चार्ज सिस्टरांना भेटले. त्या म्हणाल्या, ‘चक्कर येणाऱ्या पोरी मी पुष्कळ बघितल्या. शुद्धीवर आल्या आल्या ट्रॉलीचं सांगणारी बघितली नव्हती. तिला सोडू देऊ नका.’

या कामाची पात्रता कशात आहे, हे सिस्टरांच्या बोलण्यात नेमकं आलं. ओटी टेक्निशियन ट्रॉली मांडतो, मॉप (रक्त टिपायचे कापडी तुकडे) आणि हत्यारं सुरुवातीला मोजतो, पोट बंद करण्याआधी मोजतो, कातडीला टाके पडायच्या आधी पुन्हा मोजतो. एक मॉप कमी भरला तर सर्जन कितीही घाईत असले तरी ‘थांबा’ म्हणावं लागतं. ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) आलेल्या पॅकवरच्या टेपचा रंग बदललेला नसेल तर तो पॅक बाजूला ठेवावा लागतो, मग बाहेर दुसरा पेशंट ताटकळत असला तरी. ग्लोव्हला सुईचं टोक लागलं आणि कोणी पाहिलं नाही, तरी ग्लोव्ह बदलावा लागतो. पेशंट भुलीखाली असतो, त्याला यातलं काही कळत नाही. रक्त बघायची सवय शरीराला लावता येते. न लपवण्याचा स्वभाव एखाद्याच्या अंगी नसेल तर तो बाणवणं फार कठीण असतं, आणि सायलीच्या अंगी तो होता.

पण नुसतं कौतुक करून भागणार नव्हतं. पुढच्या सोमवारी ती पुन्हा त्याच टेबलापाशी उभी राहणार होती.

मी आधी तिला फिजिशियनकडे पाठवलं. असं कोणी आलं की मी हे करतेच. व्यायाम करताना किंवा पळताना शुद्ध हरपली असेल, पडण्याआधी छातीत धडधड किंवा दुखणं असेल, घरात तरुण वयात कोणी अचानक दगावलं असेल, तर आधी हृदयाची तपासणी व्हायला हवी. सायलीचा ईसीजी ठीक निघाला. हिमोग्लोबिन मात्र साडेनऊ. बाईचं ते बाराच्या खाली असू नये. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. मग तिच्या सकाळची चौकशी केली. पोस्टिंग साडेसातला, मेसचा नाश्ता साडेआठला. म्हणजे कपभर चहावर ही मुलगी तीन-तीन तास मास्क लावून, गुडघे ताठ करून उभी राहत होती. अशा वेळी पायांत रक्त साठतं आणि रक्त न बघताही माणूस पडू शकतो. होस्टेलच्या पोरींना मी कळकळीने सांगते, रात्रीच दोन शेंगदाण्याचे लाडू आणि पाण्याची बाटली उशाशी ठेवा, आणि उपाशी ओटीत शिरू नका.

एवढं करूनही मूळ तक्रार उरलीच. रक्त काढलेली सिरिंज नुसती दिसली तरी तिला पोटात ढवळायचं, कानात सूं आवाज व्हायचा, घाम फुटायचा. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण चांगल्या मनाची माणसं नेमका चुकीचा सल्ला देतात.

कुत्रा, उंची, परीक्षा यांच्या भीतीत रक्तदाब वाढतो. छाती धडधडते, पण माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही. रक्त, जखम आणि सुई यांची भीती वेगळी वागते. आधी क्षणभर नाडी आणि रक्तदाब वर जातात, मग एकदम खाली येतात, मेंदूला रक्त कमी पोचतं आणि माणूस कोसळतो. ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, मनाचा कमकुवतपणा इथे आणायचं कारणच नाही. बऱ्याचदा ती घराण्यातही असते. आता अशा मुलीला आपण काय सांगतो? ‘दीर्घ श्वास घे, अंग सैल सोड, शांत हो.’ रक्तदाब आधीच घसरत असताना अंग सैल सोडलं तर तो सावरायला मदत होत नाही. सायली दोन्ही वेळा हेच करत होती, मैत्रिणीने सांगितलं म्हणून.

करायचं याच्या उलट. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी 1980 च्या दशकात यासाठी स्नायू आवळण्याची पद्धत विकसित केली आणि ती आजही वापरली जाते. खुर्चीत बसून दोन्ही मुठी, दंड, मांड्या आणि पोट एकदम घट्ट आवळायचे. चेहरा तापल्यासारखा वाटेपर्यंत, साधारण 10 ते 15 सेकंद धरायचं. मग सोडायचं, पण पूर्ण ढिलं पडायचं नाही, नेहमीसारखं बसायचं. 20 ते 30 सेकंद थांबून पुन्हा. असं पाच वेळा, दिवसातून काही वेळा. गरोदर बाई, बीपीचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच करावं.

पहिल्या दिवशी सायलीने श्वास कोंडून धरला आणि लालबुंद झाली. श्वास चालू ठेवून आवळायला जमेपर्यंत आम्ही तेवढंच केलं. मग पायरी पायरीने पुढे गेलो. आधी हत्यारांचे फोटो, मग रक्ताचे. त्यानंतर मोबाइलवर आवाज बंद करून ऑपरेशनचा व्हिडिओ, मग आवाजासकट. मग लॅबमध्ये बसून दुसऱ्यांचं रक्त काढताना पाहणं. प्रत्येक ठिकाणी पहिली लक्षणं जाणवली की आवळायचं आणि नजर न हटवता थांबायचं. चक्कर येण्याआधीचा तो कानातला आवाज तिला शत्रू वाटायचा. हळूहळू तोच तिची सूचना झाला: आवाज आला की मांड्या आवळायच्या.

ओटीत परत जाताना इन्चार्ज सिस्टरांशी बोलून क्रम ठरवला. आधी भुलीच्या डॉक्टरांच्या बाजूला, पडद्याच्या अलीकडे. मग सर्क्युलेटिंगला, म्हणजे सामान आणून देणं, कॉटरीची प्लेट लावणं, मॉप फळ्यावर लिहून ठेवणं. हातात काम असलं की नजर जखमेवर खिळून राहत नाही. मग स्क्रब. स्क्रब झाल्यावर हात छातीसमोर, कमरेच्या वरच ठेवावे लागतात, मुठी आवळून उभं राहता येत नाही. पण मांड्या, पोट, कुल्ले गाऊनच्या आत आवळले तर कोणाला दिसतही नाही. गुडघे किंचित वाकलेले ठेवायचे आणि वजन या पायावरून त्या पायावर घ्यायचं. तरीही अंधारी आलीच, तर ‘मला चक्कर येतेय’ असं मोठ्याने सांगून टेबलापासून आणि ट्रॉलीपासून मागे सरकायचं आणि खाली बसायचं. आधाराला ट्रॉली धरायची नाही. फरशीवर मुद्दाम बसलेल्या मुलीला डोक्याला मार लागत नाही आणि सेटही वाचतो.

यादरम्यान तिचे वडील मला भेटायला आले. फीसाठी त्यांनी कर्ज काढलं होतं. ‘मॅडम, खरं सांगा, पोरीला झेपंल का हे? नसंल झेपत तर आम्ही रागावणार न्हाई.’ मी त्यांना वर लिहिलंय तेच समजावलं. घराण्यात असतं म्हटल्यावर ते गप्प झाले, मग म्हणाले, ‘मलाबी सुई बघवत न्हाई. हिच्या टायमाला दवाखान्यात मीच पडलो हुतो.’ सायलीला हे माहीत नव्हतं. ती इतकी हसली की मला तिच्यात पहिल्यांदा मोकळेपणा दिसला.

त्यांचा दुसरा प्रश्न होता, नातेवाईक सुचवत होते त्या सहा महिन्यांच्या सर्टिफिकेट कोर्सचा. ‘लवकर नोकरी लागंल.’ यावर माझं मत स्पष्ट आहे. 2021 च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात ओटी टेक्नॉलॉजिस्टचा व्यवसाय यादीत आहे, आणि संलग्न आरोग्य व्यावसायिकाच्या शिक्षणाची किमान मर्यादा 2000 तास, दोन ते चार वर्षांत पसरलेली, अशी घातली आहे. सहा महिन्यांत ती भरणं शक्य नाही. शिवाय या पोरीची दोन वर्षं चांगली गेली होती. ती सोडून तिथे जाण्यात पेशंटचंही हित नव्हतं.

सगळ्यांना हे जमतंच असं मी म्हणणार नाही. नीट सराव करूनही एखाद्याला टेबलाशेजारी उभं राहणं नकोच वाटतं. त्याच्यासाठी सीएसएसडी आहे, जिथे अख्ख्या हॉस्पिटलची हत्यारं धुऊन, पॅक होऊन, निर्जंतुक होऊन निघतात. तिथला एक हलगर्जी दिवस सगळ्या टेबलांवर पोचतो, म्हणून त्या खात्याला दुय्यम समजू नये. फक्त हा निर्णय दोन चकरांच्या धसक्यात घेऊ नये, एवढंच माझं म्हणणं असतं.

सायलीची सध्या इंटर्नशिप चालू आहे. पोटाच्या ऑपरेशनला ती एकटी ट्रॉली सांभाळते. हाडांच्या ऑपरेशनला ड्रिल सुरू झालं की तिला अजून मांड्या आवळाव्या लागतात. त्या दिवशी ती सकाळीच इन्चार्ज सिस्टरांना सांगून ठेवते, आणि त्या सर्क्युलेटिंगची मुलगी तिच्या मागे हाताच्या अंतरावर उभी करतात.