उरलेल्या ब्रेक ऑइलची बाटली

प्रश्न : माझ्या मोटारीची लहानसहान देखभाल मी घरीच करतो. दोन वर्षांपूर्वी आणलेल्या अर्ध्या लिटर ब्रेक ऑइलपैकी निम्मे शिल्लक असून, बूच घट्ट लावून ती बाटली पडवीतल्या फळीवर ठेवलेली आहे. ऑइल आजही स्वच्छ दिसते. सध्या गाडीतील ब्रेक ऑइलच्या डबीतील पातळी खाली गेली आहे. त्यात हे ऑइल घालावे का? आणि पुढच्या खेपेस एक लिटरचा डबा स्वस्त पडत असल्यास तो घ्यावा का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ती बाटली वापरू नये. आपण ती नीट सांभाळली असेल यात शंका नाही, परंतु या द्रवाचा स्वभावच असा आहे की तो हवेतील बाष्प शोषून घेतो. आपण सगळे त्याला ‘ऑइल’ म्हणतो खरे, पण ते तेल नव्हे. बाटलीवर लिहिलेल्या डॉट ३ आणि डॉट ४ या दर्जांचे द्रव ग्लायकॉल ईथर या रसायनावर आधारलेले असतात आणि पाणी त्यांत तेलासारखे वेगळे न राहता पूर्ण मिसळून जाते. त्यामुळे बाटली उजेडात धरून पाहिली तरी आत पाणी शिरले आहे हे डोळ्यांना कळत नाही. अर्धी रिकामी बाटली म्हणजे आत अर्धी बाटली हवा, आणि चिपळूणच्या पावसाळ्यात बूच उघडले की ती हवा किती ओली असते हे आपणांस सांगायला नको.

पाणी मिसळल्याने काय होते, ते आकड्यांवरून स्पष्ट होते. ताज्या डॉट ४ द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर सुमारे ३.७ टक्के पाणी शिरलेल्या त्याच द्रवासाठी मानकाची किमान अट केवळ १५५ अंशांची आहे. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० असे आहेत. सपाट रस्त्यावर हा फरक जाणवत नाही. मात्र कोयनानगर सोडून कुंभार्ली घाट उतरताना, गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली असताना, वळणावळणाला दाबलेल्या ब्रेकमुळे चाकाजवळचा द्रव तापतो आणि त्यातील पाण्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल एकदम मऊ लागते आणि थेट खाली जाते. पोफळीला पोचून अर्धा तास चहा घेईपर्यंत ब्रेक थंड होतात, पेडल पुन्हा कडक होते, आणि मिस्त्रीला दाखवायला गेल्यावर गाडीत काहीच दोष सापडत नाही.

आता पातळीविषयी. ती खाली गेली म्हणून लगेच भर घालण्याची घाई करू नका. ब्रेक पॅड झिजतात तसे कॅलिपरचे, म्हणजे चाकाजवळ पॅड दाबणाऱ्या भागाचे, पिस्टन पुढे सरकतात आणि त्यांच्यामागे जास्त द्रव साठतो, त्यामुळे डबीतील पातळी हळूहळू उतरणे स्वाभाविक आहे. अशा वेळी डबी काठोकाठ भरली, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे रेटले जातात आणि जादा द्रव वर येऊन सांडतो. म्हणून आधी पॅडची जाडी पाहावी. पॅड जाड असूनही पातळी उतरली असेल, किंवा काही दिवसांतच ती उतरली असेल, तर गळती आहे असे समजून चारही चाकांच्या आतली बाजू, मास्टर सिलिंडरची (पेडल दाबल्यावर द्रव पुढे ढकलणाऱ्या भागाची) मागची बाजू आणि, क्लच हायड्रॉलिक म्हणजे द्रवावर चालणारा असल्यास, त्याचेही सिलिंडर तपासून घ्यावे. अनेक गाड्यांत दोन्हींसाठी डबी एकच असते. गळती असेल तर गाडी बाहेर काढू नये.

एक लिटरच्या डब्यात वाचलेले पैसे पुढे उरलेला द्रव फेकताना जातात. नुसती भर घालायची असेल तर सीलबंद छोटी बाटली आणावी. सगळा द्रव बदलून चारही चाकांच्या ब्रेकमध्ये अडकलेली एअर काढायची असेल, तर लहान मोटारीला साधारण अर्धा ते एक लिटर लागतो. तेवढाच आणि त्याच आठवड्यात आणावा. खरेदी करताना सील शाबूत आहे ना आणि उत्पादनाची तारीख कोणती, हे पाहावे. सुटे ऑइल कितीही ओळखीच्या दुकानातले असले तरी घेऊ नये. सीलबंद बाटलीही पडवीत किंवा गाडीच्या डिकीत न ठेवता घरातल्या कोरड्या कपाटात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. हा द्रव विषारी आहे. तो शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये. मी स्वतः बूच उघडल्याची तारीख लेबलवर मार्करने लिहितो आणि काम संपले की उरलेले बाद करतो. घरच्यांना ही उधळपट्टी वाटते.

प्रश्न : माझ्या गाडीच्या डबीच्या झाकणावर डॉट ३ लिहिले आहे. दुकानात डॉट ४ आणि डॉट ५.१ मिळाले. घालावे का? डॉट ५ सर्वांत भारी असते असेही ऐकले.
— एक वाचक, पुणे

उत्तर : डॉट ३ च्या जागी डॉट ४ सहसा चालते, कारण दोन्ही एकाच जातीचे आहेत, तरीही गाडीच्या पुस्तिकेत एकदा पाहून घ्यावे. उलट, जिथे डॉट ४ सांगितले आहे तिथे डॉट ३ घालू नये. डॉट ५.१ देखील ग्लायकॉलचेच आहे. घोटाळा होतो तो डॉट ५ मुळे. ते सिलिकॉनचे असते, सहसा जांभळ्या रंगाचे, आणि बाकीच्यांशी मिसळत नाही. आकडा मोठा म्हणून ते आणू नये.

याहून महाग पडणारी चूक ‘ऑइल’ या नावानेच होते. एका गाडीच्या डबीत कुणीतरी इंजिन ऑइल घातल्याचे मी पाहिले आहे. झाकणातले रबर इतके फुगले होते की, काढल्यावर ते परत झाकणात बसेना. आतल्या सगळ्या रबरी सीलांची तीच गत होते आणि मग मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंतचे रबरी भाग बदलावे लागतात. इंजिन ऑइलसाठी वापरलेले नरसाळेसुद्धा इथे नको.

प्रश्न : भर घालताना थोडे ब्रेक ऑइल बॉनेटच्या कडेवर सांडले. काय करावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : कापडाने घासू नका, त्याने ते पसरते. लगेच भरपूर साधे पाणी ओता. हा द्रव पाण्यात विरघळतो, ही गोष्ट इथे आपल्या उपयोगाची आहे. काही वेळ तसेच राहिले तर रंग मऊ होऊन पापुद्रे सुटतात. पुढच्या वेळी डबीभोवती ओले फडके गुंडाळून मगच झाकण उघडा, आणि फडके आत पिळले जाणार नाही याची काळजी घ्या.