सोंग ड्रमचं, काम डिस्कचं

या महिन्याची पत्रं उघडली तर एकामागून एक ब्रेकचीच. हॉट रॉडची भानगड ज्यांना नवी आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. १९२८ ते १९३४ च्या सुमाराची फोर्ड घ्यायची, पुढचे मडगार्ड काढायचे, इंजिन तगडं करायचं आणि गाडी अशी सजवायची की ती १९५० च्या आसपास कॅलिफोर्नियातल्या एखाद्या पोराने घरामागच्या शेडमध्ये बांधली असावी. याला ट्रॅडिशनल म्हणतात. मडगार्ड नसल्यामुळे पुढचे ब्रेक नाकातल्या नथीसारखे लांबून दिसतात. त्या काळी बहुतेक ड्रम ब्रेक असत: चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याच्या आत शू बाहेरच्या बाजूला दाबले जातात. डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपर नावाचा चिमटा फिरणाऱ्या चकतीला दोन पॅडांमध्ये धरतो. तिथे चकचकीत डिस्क आणि लाल कॅलिपर दिसला की सगळ्या गाडीची रया जाते. म्हणून डिस्कची ही लपवालपवी.

माझी १९३२ ची रोडस्टर आहे, पुढे १९४० च्या फोर्डचे ड्रम. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. हायवेवर भीती वाटते. डिस्क बसवून वरून ड्रम लावावा का? (सॅन होजे)

आधी आहे तो ड्रम नीट तपासा, मग डिस्कचं बोलू. गाडी डावीकडे ओढते म्हणजे डावा ब्रेक पकडतोय आणि उजवा कमी पडतोय. उजवा ड्रम उघडून शूवर ग्रीस किंवा ब्रेक ऑइल आलंय का बघा. नसेल तर पुढची शंका ॲडजस्टमेंटची. १९३९ ते १९४८ च्या फोर्डच्या ब्रेकला वर दोन ॲडजस्टर असतात, ते सगळेच फिरवतात. पण शू ज्या खालच्या पिनांवर टेकतात त्याही एक्सेंट्रिक (फिरवल्या की शू सरकतो अशा) असतात, आणि त्यांना वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नसतो. त्या जुळल्या नाहीत तर शू एका टोकालाच घासतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. लेथवर लावून मोठा केलेला ड्रम आणि दुकानातून आणलेला नवा शू यांची गोलाई जुळत नाही. शूवर आडव्या खडूच्या रेघा मारा, ड्रम चढवा, ब्रेक हलका धरून चाक फिरवा आणि परत उघडा. मधल्याच दोन बोटांवरचा खडू पुसला गेला असेल तर तुमचा ब्रेक दोन बोटांचाच आहे. शू ड्रमच्या गोलाईला घासून देणारा जुना कारागीर शोधा. पूर्वी शू असा घासायचं यंत्र प्रत्येक ब्रेकवाल्याकडे असे, ॲस्बेस्टॉसच्या भुकटीच्या धास्तीने ती बहुतेक अडगळीत गेली.

एवढं करूनही रोज हायवेच्या गर्दीत जायचं असेल, तर डिस्क लावा. हजार-अकराशे किलोच्या गाडीला चांगला लागलेला ड्रम एकदा नीट थांबवतो. पण पाठोपाठ चार वेळा थांबायचं झालं की त्याचा दम संपतो, आणि पावसात तो लहरी होतो.

डिस्क लपवायची नेमकी पद्धत काय? (ह्यूस्टन)

आतून बॅकिंग प्लेट (ब्रेकच्या मागची गोल पाटी), बाहेरून ड्रमसारखं दिसणारं झाकण, मध्ये डिस्क आणि छोटा कॅलिपर. झाकण बहुतेक वेळा ब्यूइकच्या ड्रमची नक्कल असतं. १९५० च्या दशकाच्या शेवटी ब्यूइकने पुढच्या चाकांना अॅल्युमिनियमचे, उभ्या पात्यांचे ड्रम दिले होते. आत लोखंडी अस्तर, बाहेर उष्णता फेकणारी पाती. भंगारात ते स्वस्त मिळत, म्हणून हॉट रॉडवाल्यांनी ते उचलले आणि आज ते या गाड्यांचा दागिना झालेत. तयार किट मिळतात. मात्र घेण्याआधी तीन मापं घ्या: तुमच्या चाकाच्या आत कॅलिपर फिरायला जागा किती, चाक किती बाहेर सरकणार, आणि स्टड (चाकाचे नट बसतात ते बोल्ट) किती लांब.

या तिसऱ्याकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात. हब (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) आणि चाक यांच्यामध्ये झाकणाची जाडी आली की स्टड तेवढा आखूड पडतो. अर्ध्या इंचाच्या स्टडवर नटाने किमान अर्धा इंच आटे धरलेच पाहिजेत. नट दोन-तीन फेऱ्यांतच आवळला गेला तर गाडी रस्त्यावर काढू नका, लांब स्टड टाका. मधली अॅल्युमिनियम दबते, म्हणून पहिल्या ५०-६० मैलांनंतर नट पुन्हा आवळा.

भरीव पत्र्याची १६ इंची चाकं असतील तर एवढा खर्च करूच नका. आतली प्लेट काळी रंगवा, कॅलिपरही काळा, पुरे. तारेची चाकं असतील तर मात्र सगळं उघडं पडतं.

काका, किट बसवलं, दिसतंय झकास. पण डोंगर उतरून आलो की जळका वास येतो आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. अर्ध्या तासाने सगळं ठीक. (डेन्व्हर)

सगळी सोंगं आणता येतात, पण हवेचं सोंग आणता येत नाही.

तुमची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून एकदा पूर्ण थांबते तेव्हा जी उष्णता निघते, तिच्यात साधारण दीड लिटर पाणी उकळेल. म्हणजे दहा-बारा कप चहा, एका ब्रेकमध्ये. डोंगरात असे किती ब्रेक मारले ते मोजा. उघडी डिस्क ती उष्णता वाऱ्यावर सोडते. तुम्ही तिला डब्यात घालून झाकण लावलंय.

लक्षण ओळखायला शिका. पेडल दगडासारखं घट्ट आणि गाडी थांबत नाही, तर पॅड तापलेत. पेडल मऊ पडून तळाला जातं, तर ब्रेक ऑइलला उकळी फुटून वाफ झालीय. तुमचं दुसरं आहे, आणि ते जास्त वाईट. नवं डॉट ३ दर्जाचं ऑइल २०५ अंशांपर्यंत आणि डॉट ४ हे २३० पर्यंत टिकतं. पण दोन्ही हवेतलं पाणी शोषतात, आणि पाणी मुरलं की डॉट ३ ची उकळी १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. तुमचं ऑइल कधी बदललंय?

आज जुनं ऑइल काढून डॉट ४ भरा. मग बॅकिंग प्लेटवरचा हवेचा पंजा, म्हणजे हवा आत घ्यायचं तोंड, बघा. बऱ्याच किटमध्ये तो नुसता शोभेचा असतो, मागे भोकच नसतं. ते पाडा, पुढे जाळी लावा. आत आलेली हवा बाहेर जायलाही वाट हवी, म्हणून झाकणाच्या पात्यांच्या खाचांत, बाहेरून न दिसणारी भोकं समान अंतरावर पाडून घ्या आणि त्यानंतर झाकण बॅलन्स करा. पुढच्या उतरणीनंतर इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही बाजू मोजा. एक बाजू फार तापत असेल तर तिकडचा पॅड सुटत नाहीये. आणि उतारावर गिअर खाली घ्या हो, घाटात एसटीवाले काय करतात ते आठवा.

पेडल दोनदा मारल्याशिवाय ब्रेक लागत नाही. चार वेळा नळ्यांतली हवा काढली. (न्यू जर्सी)

कॅलिपरचा ब्लीडर, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, वर आहे की खाली, ते आधी बघा. हसू नका. मी स्वतः माझ्या पहिल्या गाडीवर डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. रविवारची अख्खी संध्याकाळ बायको पेडलवर, मी गाडीखाली, "दाब… धर… सोड". बाटली रिकामी झाली, पेडल तसंच. ब्लीडर खाली, हवा वर. ती निघणार कुठून? झाकणामुळे हे चटकन दिसतही नाही. तपासायला दरवेळी चाक आणि झाकण दोन्ही उतरवावं लागतं, तेव्हा ते उतरवायचा कंटाळा नको.

ब्लीडर बरोबर असेल तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल ढकलतो तो) कुठे आहे? या गाड्यांत तो पायाखाली, कॅलिपरपेक्षा खाली असतो. पेडल सोडलं की ऑइल मागे ओघळतं आणि पॅड डिस्कपासून लांब जातात. त्यासाठी रेसिड्युअल व्हॉल्व्ह, म्हणजे लाइनमध्ये थोडा दाब टिकवणारी झडप: डिस्कच्या लाइनला २ पीएसआय, ड्रमच्या लाइनला १० पीएसआय. अदलाबदल झाली तर डिस्क कायम घासत राहील आणि वर डेन्व्हरवाल्यांची तक्रार तुमचीही होईल. जुना एकखणी मास्टर सिलिंडर ठेवला असेल तर तो आजच काढा. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. अमेरिकेत १९६७ च्या मॉडेलपासून सगळ्या गाड्यांना दोनखणी आला तो उगाच नव्हे.

आजोबांची १९३६ ची फोर्ड पुण्यात आहे. डिस्क अशी लपवली तर आरटीओला कळणार नाही ना? (पुणे)

कळेल की नाही हा प्रश्नच चुकीचा. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ स्वरूपात असावी लागते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आणि त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा निकाल, दोन्ही फेरफारांच्या बाबतीत कडक आहेत. तुमच्या गाडीला सळ्यांवर चालणारे ब्रेक असणार. फोर्डने हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारे, दिले ते १९३९ ला. सळ्यांचे सांधे सैल झाले असतील तर बुश बदलून घ्या. आजोबांची गाडी तशीच राहू द्या.

त्या काळात डिस्क नव्हतीच का? मग लपवायची लाज कशाला? (टोरांटो)

होती. १९४९ मध्ये क्रॉस्ली हॉटशॉट नावाची चिमुकली स्पोर्ट्स कार डिस्क घेऊन आली. रस्त्यावरच्या मिठाने तिचे ब्रेक गंजून अडकायला लागले आणि क्रॉस्ली पुन्हा ड्रमकडे वळली. त्याच वर्षी क्रायस्लरच्या क्राउन इम्पीरियलला चारही चाकांना डिस्क होती, आणि गंमत म्हणजे ती ड्रमसारख्या फिरणाऱ्या घराच्या आत! दोन चकत्या एकमेकींपासून दूर सरकून त्या घराच्या आतल्या बाजूंवर दाबल्या जात. रेसवाल्यांकडे किनमाँट नावाचे डिस्क ब्रेक होते, काही हॉट रॉडवरही ते चढले. अस्सल जोड आज मिळणं कठीण आणि मिळालाच तर किंमत ऐकून घाम फुटतो. नक्कल मिळते, बाहेरून हुबेहूब. तुमच्या जागी मी असतो तर ब्यूइकच्या झाकणाऐवजी तीच घेतली असती. तिला डिस्क म्हणायला कुणाची हरकत नाही.